आत्याच्या जुन्या कपड्यांची ट्रंक माझ्याकडे आली आहे. ठेवू, विकू, वापरू की देऊन टाकू?

आत्या जाऊन दोनच महिने झालेत, तिच्या आईचेही काही कपडे त्या ट्रंकेत आहेत आणि घरातले ‘लवकर काय ते कर’ म्हणून मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. आणखी सहा महिने थांबलात तरी चालेल. आज फक्त कसर लागलीय का तेवढं बघा. लोकरीला बारीक भोकं, शिवणीत वाळूसारखे कण किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर तो कपडा लगेच बाजूला काढा. पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. कापड खातात त्या अळ्या, उडणारे पतंग नव्हे. त्यामुळे नुसते पतंग मारून भागत नाही.

आणि कृपा करून काहीही धुवू नका. ही चूक मी केली आहे. आई गेल्यावर तिचा पांढऱ्या कॉलरचा गर्द लाल रेशमी फ्रॉक माझ्याकडे आला. नीट धुऊन ठेवू म्हणून कोमट पाण्यात बुडवला. पाणी लाल झालं, कॉलर गुलाबी झाली, आणि ज्या वासासाठी मी तो पुन्हा पुन्हा उघडत होते तो वासही गेला. आतल्या शिवणीवर ओला पांढरा कापूस मिनिटभर दाबून धरला असता तरी रंग जातो हे कळलं असतं. रेयॉनचं आणखी वेगळं: ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, वजनानेच फाटतो.

आता एकेक कपडा पलंगावर पसरून फोटो काढा आणि कुणाचा, कधीचा, कुठल्या प्रसंगाचा ते लिहून ठेवा. आत्याने तो घातलेला जुना फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. ज्यांना आठवतंय अशी माणसं आहेत तोवरच हे होईल. कपडा उलटा करूनही बघा. आईच्या त्या फ्रॉकच्या घेराला जुन्या दुमडीच्या दोन फिकट रेषा आहेत आणि बाजूच्या शिवणीत उसवलेल्या टाक्यांची भोकं. म्हणजे तो दोनदा लांब केला, एकदा सैल केला. मावशीला विचारलं तेव्हा कळलं, आधी तो मावशीचाच होता.

मग निवड. काख, कोपर आणि मान उजेडासमोर धरा. तिथे कापड विरलेलं नसेल तर खुशाल घाला, वापरण्यासारखं दुसरं सुख नाही. आजीच्या कपड्यांत मात्र काही रेशीम हात लावताच घडीवर चिरत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशीम भारदस्त वाटावं म्हणून त्यात कथलाचे क्षार मुरवत. असं रेशीम चिरायला लागलं की थांबवता येत नाही. ते आडवं ठेवा, घालू नका.

विकायचं असेल तर लेबल, बटणं काहीही बदलू नका. माप मात्र टेपने घेऊन लिहा, कारण जुन्या कपड्यावरचा आकडा आजच्या मापाशी जुळत नाही. संग्रहालयाला द्यायचं तर आधी फोटो आणि माहिती पाठवून विचारा. कापडाइतकीच त्यांना त्यामागची हकिकत हवी असते. फाटलेल्याचे तुकडे करून गोधडीत घालायला माझी ना नाही, पण धडक्या कपड्याला कात्री लावू नका.

जे ठेवाल ते प्लास्टिकमध्ये नको. टाचण्या काढा, त्या गंजतात. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी मोडून दुसरीकडे घाला.

मी आईच्या चाळीसेक कपड्यांतले तीन ठेवले. तो फ्रॉक त्यांतलाच, गुलाबी कॉलरसकट. लोकरीचा कोट धाकटी बहीण वापरते. बाह्या तिला आखूड होत होत्या, पण शिवताना आत दोन बोटं माया सोडलेली होती, तेवढी पुरली.