वडिलांच्या मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि केमो एकत्र घ्यावेत का?

आपण लिहिले आहे की वडील ५८ वर्षांचे आहेत, ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाची) गाठ काढून तीन आठवडे झाले आहेत आणि दोन्ही उपचार एकदम झेपणार नाहीत या भीतीने घरची मंडळी ‘आधी लाईट (किरणोपचार), मग केमो’ असे म्हणत आहेत. माझ्या थोरल्या भावाला हाच आजार होता व त्याचे उपचार इथे सोलापुरातच झाले. वडील हिंडते-फिरते असतील, तर हे दोन उपचार वेगळे करू नयेत, असे मला मनापासून वाटते.

या गाठीच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत मुळांसारख्या शिरलेल्या असतात, त्यामुळे दिसणारी सगळी गाठ निघाली तरी त्या मागे उरतातच. किरण त्या पेशींच्या डीएनएला इजा करतात आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल त्याच डीएनएवर आणखी घाव घालते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रुग्णांवरील चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात सुमारे १० जण हयात होते, तर दोन्ही एकत्र घेतलेल्यांपैकी सुमारे २६. विशेष म्हणजे पहिल्या गटातील बहुतेकांना आजार उलटल्यावर केमो मिळालीच होती, तरीही हा फरक राहिला. आजार यामुळे मुळापासून बरा होतो असे मात्र नाही. मिळतो तो वेळ, आणि आमच्या घराला त्याचे मोल फार होते.

किरणोपचार सहसा सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, असे तीस वेळा होतात. कॅप्सूल मात्र शनिवार-रविवारीही घ्यायची असते. पहिल्या शनिवारी मशीन बंद म्हणून आम्ही भावाला ती दिलीच नाही; सोमवारी डॉक्टर मॅडमनी डबी उघडून उरलेल्या कॅप्सूल मोजल्या, तेव्हा चूक कळली. ती उपाशीपोटी, अख्खी गिळायची आणि आधी उलटीची गोळी द्यायची. दर आठवड्याला रक्त तपासून घ्या. प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या तर डॉक्टर कॅप्सूल काही काळ थांबवतात. भावाला उलट्यांपेक्षा थकव्याने आणि बद्धकोष्ठाने जास्त छळले. उन्हाळ्यात तर किरण देताना डोके स्थिर ठेवणाऱ्या मास्कच्या जाळीचे वळ कपाळावर घेऊन तो रिक्षात डोळे मिटून बसे, म्हणून आम्ही सकाळची पहिली वेळ मागून घेतली.

गाठीची एमजीएमटी तपासणी (डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकाची तपासणी) झाली आहे का, हे जरूर विचारा, कारण या औषधाचा उपयोग किती होईल याचा अंदाज त्यावरून येतो. किरणोपचार संपल्यावर साधारण चार आठवडे विश्रांती असते आणि मग दर २८ दिवसांत पाच दिवस कॅप्सूल, अशा सहसा सहा फेऱ्या होतात. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसली तरी लगेच धीर सोडू नका. किरणांमुळे आलेली सूजही तशीच दिसते, आणि भावाच्या दुसऱ्या एमआरआयमध्ये ती ओसरलेली होती.