वाचकांचे प्रश्न: तळहाताच्या शस्त्रक्रियेनंतर टाके कोणते?

प्रश्न: माझ्या सासूबाई खरगोनला राहतात. मनगटात नस दबल्यामुळे त्यांच्या बोटांना रात्री मुंग्या येतात आणि आता इंदूरमध्ये शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांना मधुमेह आहे. विरघळणारे टाके घातल्यास पुन्हा इंदूरला यावे लागणार नाही, असे आम्हाला वाटते. पण डॉक्टरांनी नायलॉनचे टाके सुचवले आहेत. वण कशाने कमी राहील? गणपतीत त्यांना उकड मळता येईल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: वणापुरते पाहिले, तर काळजीचे कारण नाही. या शस्त्रक्रियेनंतर विरघळणाऱ्या आणि न विरघळणाऱ्या टाक्यांची तुलना अनेकदा झालेली आहे, आणि काही महिन्यांनंतर वणात किंवा दुखण्यात म्हणण्यासारखा फरक उरत नाही, असेच तीतून दिसले आहे. म्हणून टाक्यांची निवड रुग्णाची प्रकृती आणि सोय पाहून करावी, असे माझे मत आहे.

तळहाताची कातडी जाड असते आणि तिचा सर्वांत वरचा थर निर्जीव असतो. टाका घालताना कडा आत वळल्या, तर हे निर्जीव थरच एकमेकांना टेकतात आणि जखम नीट सांधत नाही. त्यामुळे कडा किंचित बाहेर वळलेल्या राहतील अशा बेताने सुई घ्यावी लागते. टाका फार आवळूनही चालत नाही, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज चढली की तोच धागा कातडीत रुततो. धागा कोणताही असो, या दोन गोष्टी सांभाळल्या गेल्या नाहीत तर जखम चांगली भरत नाही.

नायलॉनचा धागा एकपदरी आणि गुळगुळीत असल्याने त्यात जंतूंना थारा कमी मिळतो. लवकर विरघळणारा पॉलिग्लॅक्टिनचा धागा साधारण 5 दिवसांत निम्मी ताकद गमावतो आणि 10 ते 14 दिवसांत त्याचा आधार जवळजवळ संपतो. मधुमेहात जखम भरायला जास्त वेळ लागू शकतो. धागा मात्र त्यासाठी थांबत नाही. नायलॉनचे टाके सहसा 10 ते 14 दिवसांनी काढतात, पण जखम कच्ची वाटली तर आणखी काही दिवस ठेवता येतात. तुमच्या सासूबाईंसाठी मीही नायलॉनच निवडले असते. लहान मुलांची गोष्ट निराळी: टाके काढताना मूल हात आखडून घेते, प्रसंगी पुन्हा गुंगीचे औषध देण्याची वेळ येते, म्हणून तिथे विरघळणारा धागाच बरा.

राहिला प्रवास. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारून त्यांची चिठ्ठी घेतलीत, तर टाके खरगोनमध्येच एखाद्या सर्जनकडून काढून घेता येतील. चिमट्याने गाठ जराशी उचलायची, धागा कातडीलगत एकाच बाजूला कापायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे बाहेर राहून मळलेला भाग जखमेतून जात नाही. हे काम काही मिनिटांचे आहे आणि त्याला सहसा भूल लागत नाही. घरी मात्र कोणी कात्री लावू नये.

टाके असेपर्यंत हात कोरडा ठेवावा, पहिले काही दिवस उशीवर उंच ठेवावा आणि बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत; बोटे आखडून बसली तर ती मोकळी करायला फार कष्ट पडतात. उकड मळताना तळहाताच्या मुळाशी, नेमका शस्त्रक्रियेच्या जागीच, जोर पडतो. तेव्हा ते काम निदान 4 ते 6 आठवडे घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर मोदकाच्या कळ्या पाडायला हरकत नाही.

शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच साखर आटोक्यात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. नंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, लाली पसरू लागली, पू आला, ताप आला किंवा बोटे निळसर वा बधिर वाटू लागली, तर टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवावा.