श्रेयांक भरले, तरी पदवी अडली

प्रश्न : पदवीसाठी आवश्यक असलेले 120 श्रेयांक (क्रेडिट) माझ्या खात्यावर जमा असूनही अटी अपूर्ण असल्याचे विभागाने कळवले आहे. हे कसे?

उत्तर : श्रेयांकांची बेरीज ही अनेक अटींपैकी केवळ एक असते; मुख्य विषयातील अनिवार्य अभ्यासक्रम आणि किमान सरासरी यांची तपासणी स्वतंत्रपणे होते. उत्तीर्ण झालेला अभ्यासक्रम गुण सुधारण्यासाठी पुन्हा घेतला, तर गुणपत्रिकेवर तो दोनदा दिसला तरी त्याचे श्रेयांक बहुधा एकदाच धरले जातात, आणि घरी बसून बेरीज करणारे विद्यार्थी नेमके इथेच फसतात. राहिलेल्या विषयाला पूर्वअट (म्हणजे आधी दुसरा एखादा विषय उत्तीर्ण होण्याची अट) असल्यास ती पूर्ण केल्याखेरीज नोंदणी मिळत नसल्याने एका विषयापायी दोन सत्रेही जाऊ शकतात. तेव्हा आपल्या प्रवेशवर्षाची नियमावली (चालू वर्षाची नव्हे) सोबत घेऊन, नोंदणीची मुदत उलटण्यापूर्वी सल्लागार प्राध्यापकांना भेटावे.