नांदूरमध्यमेश्वरला मुलांसह पक्षी पाहण्यासाठी केव्हा जावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, तेही सूर्योदयाच्या सुमारास जावे. नाशिकहून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, गवताळ बेटे व पाणवनस्पतींनी भरलेली जी पाणथळ जागा तयार झाली, तिच्यामुळेच येथे स्थलांतरित बदके आणि करकोचे मोठ्या संख्येने उतरतात. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, आणि माझ्या मते तो मान त्याला फार उशिरा मिळाला.

चापडगावच्या बाजूचा निरीक्षण मनोरा मुलांसाठी सर्वांत सोयीचा आहे. तेथून जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतीचा देठ पायाच्या लांब बोटांत धरून चोचीने सोलताना अगदी स्पष्ट दिसते, आणि मुले त्या एका दृश्यातच रमतात. दुर्बीण अवश्य न्यावी, कपडे मळकट रंगाचे असावेत. वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी वाढून पक्षी दूर सरकतात, म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक मार्गदर्शकाकडे चौकशी करावी.