शाळेवर मजले चढतायत, मैदानात गाड्या लागतायत : शेजाऱ्यांनी हरकत कशावर घ्यायची?

प्रश्न : आमची सोसायटी पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे. शेजारच्या खासगी शाळेने चार मजली इमारतीवर आणखी दोन मजले चढवायला घेतले आहेत. निम्म्या मैदानावर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंगचे पट्टे मारले आणि त्याचं फाटक आमच्या गल्लीत काढलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, सुनावणी झाली नाही. काम थांबवता येईल का? काही सभासदांची मुलं त्याच शाळेत आहेत, ते सही करायला तयार नाहीत. – सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिव महोदय, कडू गोष्ट आधी सांगतो. बांधकाम परवानगी देण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकावं, असं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 कुठेही म्हणत नाही. मालकाने कलम 44 खाली अर्ज करायचा, महापालिकेने कलम 45 खाली निर्णय द्यायचा, एवढंच. प्रस्ताव नियमात बसत असेल आणि 60 दिवसांत काही कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असंच धरतात. त्यामुळे ‘आम्हाला विचारलं नाही’ एवढ्याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेलात तर हात हलवत परत याल.

मात्र परवानगी नियम मोडून दिली असेल किंवा काम परवानगी सोडून चाललं असेल, तर शेजाऱ्याला दाद मागता येते. उडुपीत निवासी भागात कल्याण मंडपाच्या जागी चित्रपटगृह होऊ घातलं होतं. शेजारी राहणारा एक रहिवासी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बेकायदा बांधकामाने शेजाऱ्याच्या मालमत्तेच्या उपभोगाला बाधा येते, असं म्हणत न्यायालयाने 1974 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा तुमची लढाई कागदावरची आहे आणि कागद महापालिकेच्या फाइलमध्ये आहेत.

उद्या सकाळी आधी शाळेच्या फाटकावर जा. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी काम संपेपर्यंत लावून ठेवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2024 चा निर्देश आहे. लावला असेल तर फोटो काढा. नसेल तर नुसत्या फाटकाचाही काढा, तोही पुरावाच आहे. मग बांधकाम परवानगी विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (म्हणजे काम सुरू करायची परवानगी), अग्निशमन विभागाचा दाखला आणि जुन्या चार मजल्यांचा मूळ मंजूर नकाशा मागा. नकलांआधी फाइल पाहायची मागणी करा. अधिकाऱ्यांच्या टिपण्यांच्या पानांवर जे सापडतं ते नकाशावर नसतं.

जुना नकाशा मी मुद्दाम मागायला सांगतोय. मजले वाढले की यूडीसीपीआर 2020, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे पार्किंगही वाढवावं लागतं. शाळेने हौसेने पट्टे मारलेले नाहीत. प्रश्न आहे तो जागेचा. दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि जुन्यात जिथे ‘मैदान’ किंवा ‘मोकळी जागा’ लिहिलंय, तिथे नव्यात काय लिहिलंय ते बघा. तिथे अजूनही मैदानच लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात गाड्या लागत असतील, तर मंजुरीचं उल्लंघन उघड आहे. नव्या नकाशात पार्किंगच दाखवलं असेल, तर विकास योजनेचा भाग नकाशा काढा. त्या तुकड्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण, म्हणजे ‘पीजी’, असेल तर ते बदलायला त्याच 1966 च्या अधिनियमातली कलम 37 ची, म्हणजे विकास योजनेत फेरबदलाची, प्रक्रिया लागते. त्यात जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी लोकांना एक महिना मिळतो. ज्या सुनावणीची तुम्ही वाट पाहताय ती इथे आहे. आरक्षण नसलं, तरी शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवंच. ती तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळी करा. आणि जमीन सरकारने दिलेली असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशातल्या अटीही वाचा. मैदानाची अट बऱ्याचदा तिथे सापडते.

गल्लीचं उत्तर तुमच्याच कपाटात असेल. ती तुमच्या मंजूर लेआउटमधला खासगी रस्ता असेल, तर शाळेला तिथे फाटक काढायचा हक्क आपोआप मिळत नाही. सार्वजनिक रस्ता असेल तर तो मुद्दा सोडा आणि शालेय परिवहन समितीकडे जा. समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, पण वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधीही असतो. बसच्या वेळा आणि थांबे तिथे बदलून घेता येतात.

सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात, गाड्या लागत असतील तर अग्निशमन विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. कुंभकोणमच्या शाळेत 2004 साली आगीत 94 मुलं गेली. त्या दुर्घटनेवरून दाखल झालेल्या याचिकेत 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. सही न करणाऱ्या पालकांना हे पटेल, कारण बंब आत शिरला नाही तर धोका त्यांच्याच मुलांना आहे. माझ्या मते त्यांच्याशी बोलायला हाच मुद्दा पुढे करा. तुमच्या गल्लीतली गर्दी हा त्यांच्या दृष्टीने तुमचा प्रश्न आहे.

घाई मात्र करा. दिलेली परवानगी महापालिका त्याच अधिनियमाच्या कलम 51 खाली रद्द करू शकते किंवा बदलू शकते, पण बांधकाम बरंच पुढे गेल्यावर तसा आदेश काढता येत नाही. स्लॅब टाकून झाला की शाळा नियमितीकरणाचा, म्हणजे झालेलं काम कायदेशीर करून घ्यायचा, अर्ज घेऊन उभी राहील. म्हणून मंजुरीत दोष दिसला तर कलम 51 चा अर्ज आणि मंजुरीबाहेर काम दिसलं तर बेकायदा काम हटवण्या-थांबवण्याच्या कलम 53 व 54 ची तक्रार लगेच द्या. दिवाणी न्यायालयातून परवानगीला स्थगिती आणायचं मनात असेल तर कलम 149 आडवं येतं, कारण महापालिकेच्या अशा आदेशांना दाव्यात आव्हान देता येत नाही असं ते सांगतं. महापालिकेने तक्रारीवर काहीच केलं नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जावं लागेल.

राहिला सह्यांचा प्रश्न. सोसायटीच्या नावाने जायचं तर सभेचा ठराव आणि तुम्हाला दिलेला अधिकार, दोन्ही इतिवृत्तात नोंदलेले हवेत. ठराव फेटाळला गेला तरी मैदानालगतच्या सदनिकांचे दोन-तीन मालक स्वतःच्या नावाने याचिका करू शकतात. सर्वांच्या सह्या लागत नाहीत.