चोपड्याला आजी आहे, वय ८७, डोळ्याचा पडदा सुटलाय. या वयात ऑपरेशनचा फायदा होतो का?

होतो. नुसत्या वयावरून नाही म्हणू नका. बहुतेक वेळा फक्त डोळ्यालाच भूल देतात, त्यामुळे बीपी-शुगर आटोक्यात असेल तर म्हातारं शरीरही हे सोसतं. नजर किती परत येईल ते मात्र मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, सुटलाय का आणि सुटून किती दिवस झाले यावर ठरतं. म्हणून केळीची काढणी होऊ द्या असं म्हणत थांबू नका. आजच जळगाव-धुळ्याकडे रेटिना, म्हणजे पडद्याचा, स्पेशालिस्ट गाठा.

खरी कसोटी नंतरची. पडदा जागेवर टेकून राहावा म्हणून डोळ्यात गॅस भरला तर काही दिवस डॉक्टर सांगतील तसंच, बरेचदा तोंड खाली करून, राहावं लागतं. आजीची मान-कंबर धरत असेल तर आधीच सांगा. गॅसऐवजी सिलिकॉन तेलाचा पर्याय असतो, पण ते पुढे बहुधा दुसऱ्या ऑपरेशनने काढावं लागतं.