एअर फ्रायरमधले समोसे पांढरट आणि कडक होतात, तेल न वाढवता खुसखुशीत कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना तळलेलं बंद झालंय, म्हणून पारीत तेलच घातलं नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. मोहन, म्हणजे पिठात चोळायचं तेल, वगळू नका.

कढईत समोसा तेलात बुडतो, बाहेरचं तेल पारीला खुसखुशीत करतं. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हन. गरम हवा पारीतलं पाणी ओढून घेते, आणि आत तेल नसेल तर वाळून कडक झालेलं पीठ तेवढं उरतं. मी एक वाटी मैदा आणि एक वाटी कणीक घेते. त्यात ओवा, मीठ आणि तीन टेबलस्पून शेंगदाण्याचं तेल घालून हाताने चोळते. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका वळला पाहिजे. चमचाभर दही घातलं तर रंगही चांगला येतो. पीठ घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. एवढ्यात साधारण बारा समोसे होतात, म्हणजे मोहनाचं तेल एकेका समोशात साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ते खाऊ द्या वडिलांना.

खरा फरक सारणात करा. तेल कमी झालं तरी मैदा आणि बटाटा तसाच राहिला, तर वडिलांना मधुमेह असल्यास फारसा फायदा नाही. आमच्याकडे जळगावला हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा येतात. ते दाणे वाफवून अर्धवट ठेचते, सोबत एखादाच बटाटा, मिरची-लसणाचा ठेचा, धणे-बडीशेप आणि भरपूर कोथिंबीर. थोडा काळा मसालाही घालते, आमच्या घरी त्याशिवाय चालत नाही. तुरीचा हंगाम संपला की मोड आलेली मटकी. सारण कढईत कोरडं होईपर्यंत परता आणि पूर्ण गार करूनच भरा. गरम सारणाची वाफ पारी आतून ओली करते, मग वरून कितीही भाजा, तळ मऊच राहतो.

पारी पातळ लाटा. फ्रायर आधी तीन-चार मिनिटं तापवा. समोशांना ब्रशने सगळीकडून तेल लावा, टोकं आणि शिवण विसरू नका. जाळीत एकमेकांना चिकटवून ठेवू नका, हवा फिरायला जागा लागते. 160 अंशांवर दहा-बारा मिनिटं, मग उलटून पुन्हा हलका ब्रश आणि 180 वर सहा-सात मिनिटं. प्रत्येक यंत्र थोडं वेगळं तापतं, म्हणून शेवटी डोळ्यांनी बघा. सोनेरी झाले की काढा. पिठाचे, बटाट्याचे पदार्थ गडद तपकिरी होईपर्यंत भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं अपायकारक रसायन वाढतं.

कढईतल्या समोशाची चव तंतोतंत येणार नाही, हे वडिलांना आधीच सांगा. पण बाहेरच्या समोशात तेच तेल किती वेळा तापवलं हे आपल्याला कळत नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा तेलातल्या ध्रुवीय घटकांना (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणाऱ्या खराब घटकांना) 25 टक्क्यांची मर्यादा घातलीय, ती गाडीवर कोण मोजणार? घरच्या समोशात तो प्रश्नच येत नाही.

गोड चटणीऐवजी दह्यात कालवलेला ठेचा द्या. उरलेले समोसे दुसऱ्या दिवशी 160 वर चार मिनिटांत परत कुरकुरीत होतात.